गृहारंभ : भूपरीक्षेपासून पायाभरणीपर्यंत

घर बांधावयाचें म्हटलें कीं सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढें भिंती, छप्पर, दारें आणि खिडक्या उभ्या राहतात. आपल्या वास्तुग्रंथकारांची दृष्टि याहून निराळी होती. पहिला दगड बसण्यापूर्वीं जें कांहीं करावयाचें त्यालाच त्यांनीं आपल्या ग्रंथांत मोठें स्थान दिलें आहे. भूमि कशी पारखावी, दिशा कशा साधाव्या, लांबी-रुंदी किती धरावी, कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या कोपऱ्यांत पहिली कुदळ मारावी, हे प्रश्न त्यांच्या मतें घराचें पुढील सर्व भवितव्य ठरवितात. प्रस्तुत लेखांत एवढ्याच भागाचा विचार करावयाचा आहे. ग्रंथ काय सांगतात, त्यांतील कोणतें अनुभवास उतरतें, आणि पेशवेकालीन पुण्यांतील घरबांधणींत तें खरोखर पाळलें जात होतें काय, असे तीन प्रश्न आहेत. पहिल्या दोहोंचें उत्तर घरीं बसून देतां येतें. तिसऱ्याचें उत्तर जुन्या वाड्यांच्या जोत्यांत आहे, आणि तीं जोतीं वर्षागणिक नाहींशीं होत आहेत.

ग्रंथांची ओळख थोडक्यांत करून देतों. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील वास्तुविद्येचा अध्याय सहाव्या शतकांतील आहे. मत्स्यपुराणांत ह्या विषयावर स्वतंत्र अध्याय आहेत. भोजाचा समरांगणसूत्रधार अकराव्या शतकांतला. त्याची आवृत्ति गणपतिशास्त्री यांनीं संपादून बडोद्याहून १९२४-२५ सालीं प्रसिद्ध झाली. मेवाडच्या कुंभराण्याच्या पदरीं असलेल्या मंडन सूत्रधाराचा राजवल्लभ पंधराव्या शतकांतला. परंतु महाराष्ट्रांतील जोश्याच्या हातीं प्रत्यक्ष असत ते मुहूर्तग्रंथ. देवगिरीच्या बाजूच्या टापर गांवच्या नारायणाचा मुहूर्तमार्तंड (शके १४९३) आणि मूळच्या विदर्भाकडील घराण्यांतील रामदैवज्ञानें काशींत रचिलेला मुहूर्तचिंतामणि (शके १५२२). यजमानाशीं संबंध येई तो ह्याच ग्रंथांचा. शिल्पग्रंथ हे सूत्रधाराचे. आणि आमच्याकडील सुतार-गवंडी ते वाचीत असत असें मानण्यास आधार फार थोडा आहे. त्यांची विद्या हातांची होती.

आतां भूपरीक्षा. वराहमिहिरानें सांगितलेली मुख्य रीत अशी : जागेच्या मध्यभागीं हातभर लांब, हातभर रुंद व हातभर खोल असा खड्डा खणावा, आणि निघालेल्या मातीनेंच तो पुन्हां भरावा. माती उरली तर भूमि उत्तम, बरोबर झाली तर मध्यम, कमी पडली तर अधम. दुसरी रीत म्हणजे तोच खड्डा पाण्यानें भरून शंभर पावलें चालून जावें व परत यावें. पाणी उणें झालें नसेल तर भूमि प्रशस्त. याशिवाय कच्च्या मातीच्या भांड्यांत चार दिशांस चार वाती लावून ती खड्ड्यांत ठेवण्याची, व रात्रभर फुलें ठेवून तीं कोमेजतात कीं नाहीं हें पाहण्याची परीक्षा आहे. पण कोणत्या वर्णास कोणती जागा एवढेंच त्यांतून काढावयाचें असल्यामुळें आज त्यांचा ऊहापोह करण्याचें कारण उरलें नाहीं. मत्स्यपुराणांत जागा नांगरून बीं पेरावें आणि तें तीन, पांच कीं सात रात्रींत उगवतें हें पाहावें, असेंहि सांगितलें आहे. ही परीक्षा शेताची, घराची नव्हे, असे आमचें मत आहे.

खड्ड्याच्या परीक्षेचें मर्म उघड आहे. घट्ट बसलेली माती कुदळीनें मोकळी केली म्हणजे तिच्या ढेकळांमध्यें पोकळी राहते व ती पूर्वींच्या जागेंत मावत नाहीं. उलट जी भूमि आधींच पोकळ आहे, म्हणजे जेथें पूर्वीं उकिरडा, बुजविलेली विहीर किंवा वारुळें होतीं, तेथील माती चोपून भरली असतां खड्डा अपुरा राहतो. सारांश, ही परीक्षा भूमीच्या घट्टपणाची आहे, आणि तेवढ्यापुरती ती खरी आहे. परंतु अलीकडे कांहीं लेखक तिच्यांत अर्वाचीन मृत्तिकाशास्त्राचें सर्व सार पाहूं लागले आहेत, त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं त्यांनीं तो खड्डा एकदां देशावरच्या काळ्या मातींत खणून पाहावा. काळी माती मोकळी केली म्हणजे भरपूर उरते. म्हणजे परीक्षेप्रमाणें ती भूमि उत्तम ठरते. पावसाळ्यानंतर तींत पाणीहि पुष्कळ वेळ टिकतें. म्हणजे दुसऱ्या परीक्षेंतहि ती उतरते. तोच खड्डा चांगल्या मुरमांत खणला तर पाणी बघतां बघतां जिरतें आणि मुरूम नापास होतो! प्रत्यक्षांत गोष्ट नेमकी उलट आहे. काळी माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आकसते व तिला हात हात भेगा पडतात; तिच्यावर उथळ पाया घातलेली भिंत चार-दोन वर्षांत तिरपी तडकते. मुरूम जागचा हलत नाहीं. तीच काळी माती भर उन्हाळ्यांत तपासली तर भेगांवाटे पाणी नाहींसें होऊन निकाल पुन्हां फिरतो, म्हणजे उत्तर ऋतूवर अवलंबून राहिलें. वराहमिहिर अवंतीचा, आणि माळवाहि काळ्या मातीचाच मुलूख; तेव्हां परदेशची परीक्षा येथें लागूं पडत नाहीं असें म्हणून सुटका करून घेतां येत नाहीं. तिच्यांत फुगण्याचा विचारच नाहीं हें मान्य केलें पाहिजे. भारतीय मानक संस्थेनें १९७७ सालीं ह्यासाठीं जी सोपी परीक्षा नमूद केली तींत चाळलेली दहा-दहा ग्रॅम कोरडी माती दोन नळ्यांत घालून एकींत पाणी व दुसरींत रॉकेल ओततात आणि चोवीस तासांनीं दोहोंतील मातीची पातळी ताडून पाहतात. रॉकेलांत माती फुगत नाहीं, पाण्यांत फुगते. जो फरक पडेल तो फुगवटा. ज्याला आज घर बांधावयाचें आहे त्यानें हातभर खड्ड्याचा आग्रह सोडून ही परीक्षा करवून घ्यावी.

ग्रंथांत जें नाहीं तें आमच्या खेड्यांना मात्र ठाऊक होतें. मराठी मुलुखांत गांवाच्या भूमीचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळींत शेत, पांढरींत वस्ती. घर काळींत बांधावयाचें नाहीं हें कुणब्याला कोणत्याहि संहितेनें शिकविलें नव्हतें. तथापि पांढरीसहि एक खोड आहे. ती पुष्कळ ठिकाणीं पिढ्यान् पिढ्यांच्या पडक्या भिंती, राख, खापऱ्या व हाडें यांच्या थरांनीं बनलेली असते. पुराणवस्तुसंशोधक प्राचीन वसाहतींचा शोध पांढरीच्या टेकाडांतच घेतात तो याचमुळें. अशा जागेवर पाया वरच्यावर घालून चालत नाहीं. येथें शास्त्रांतील शल्योद्धाराचा विधि लक्षांत घ्यावा. पायांतून हाड, केस, कोळसा, भुसा, राख इत्यादि काढून टाकल्याखेरीज काम करूं नये असा तो नियम आहे. सुशिक्षितांनीं त्याची पुष्कळ थट्टा केली आहे. आम्हांस तर वाटतें कीं सर्व वास्तुशास्त्रांत पांढरीच्या गांवांस उपयोगी पडणारा याच्यासारखा दुसरा नियम क्वचितच असेल. कारण हाड आणि कोळसा निघतो तोंवर खालची भूमि माणसानें भरलेली आहे, मूळची नव्हे, एवढें त्यावरून निश्चित होतें. खातें किती खोल न्यावें याविषयींहि ग्रंथांचा दंडक व्यवहारी आहे : पाणी लागेपर्यंत, नाहीं तर खडक लागेपर्यंत, तेंहि न झाल्यास पुरुषभर.

भूमि ठरली म्हणजे दिक्साधन. समतल केलेल्या जागेवर बारा अंगुलांचा शंकु उभा करून त्याभोंवतीं वर्तुळ काढावें. सकाळीं शंकूच्या छायेचें टोंक वर्तुळाच्या आंत ज्या बिंदूंत शिरतें आणि दुपारनंतर ज्या बिंदूंतून बाहेर पडतें, ते दोन्ही बिंदु सांधले कीं पूर्वापर रेषा मिळते. त्या बिंदूंपासून दोरीनें दोन वर्तुळखंड एकमेकांस छेदतील असे काढले म्हणजे मध्यें माशासारखी आकृति होते. तिच्या तोंडापासून शेपटीपर्यंतची रेषा ती दक्षिणोत्तर. सकाळ आणि दुपार यांमध्यें सूर्याची क्रांति थोडी बदलत असल्यानें ह्या रेषेंत सूक्ष्म दोष येतो, हें आमच्या ज्योतिष्यांस माहीत होतें व त्याचा संस्कारहि त्यांनीं दिला आहे. अयनबिंदूंच्या सुमारास तो दोष जवळजवळ शून्य, विषुवदिनीं सर्वांत अधिक. परंतु पुण्याच्या अक्षांशावर विषुवदिनींहि, मध्यान्हाच्या अलीकडे-पलीकडे तीन तीन तासांचे बिंदु घेतले तर, वीस हात लांबीच्या रेषेंत तो एका अंगुलाच्या आंतच राहतो. घरापुरता तो सोडून द्यावा. आम्हीं आपल्या विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग शाळेच्या पटांगणावर अनेक वर्षें करविला. आमच्या प्रांतांत होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून फारच थोडी ढळत असल्यामुळें मुलांस तिच्याशीं ताळा पाहतां येई, आणि पुस्तकांतलें भूमितीचें प्रमेय सावलीच्या रूपानें जमिनीवर उतरलेलें पाहून मंदबुद्धि मुलासहि तें कळे.

यानंतर येतो आयाचा प्रश्न, आणि सर्व विषयांत हाच संशोधकास अधिक महत्त्वाचा. घराची लांबी व रुंदी यजमानाच्या हातानें मोजावी; हात चोवीस अंगुलांचा. दोहोंचा गुणाकार तो पिंड. पिंडास आठांनीं भागून बाकी उरेल तो आय. एकापासून आठांपर्यंत त्यांचीं नांवें ध्वज, धूम्र, सिंह, श्वान, वृषभ, खर, गज, ध्वांक्ष. पैकीं विषम ते शुभ, सम ते अशुभ. मुहूर्तचिंतामणींत पिंडास आधीं नवांनीं गुणावयास सांगितलें आहे. पण नवांस आठांनीं भागून बाकी एकच राहत असल्यामुळें फळांत कांहींहि फरक पडत नाहीं. हा गुणाकार नुसता अलंकार आहे. पुढें पिंडास आठांनीं गुणून सत्तावीसांनीं भागावें, तें घराचें नक्षत्र. नक्षत्रांकास आठांनीं भागून राहील तो व्यय. आय व्ययाहून अधिक हवा.

उदाहरण घेऊं. यजमानानें २१ हात लांब व १३ हात रुंद घर योजिलें. पिंड २७३; आठांनीं भागून बाकी १, आय ध्वज, शुभ. परंतु २७३ गुणिले ८ म्हणजे २१८४, सत्तावीसांनीं भागून बाकी २४, नक्षत्र शततारका. चोवीसांस आठांनीं भागून कांहींच उरत नाहीं, म्हणून व्यय ८. आय एक आणि व्यय आठ! जोशीबुवा मान हालवितात. रुंदी दोन हात कमी केली तर पिंड २३१, बाकी ७, आय गज, १८४८ स सत्तावीसांनीं भागून बाकी १२, नक्षत्र उत्तरा, व्यय ४. आतां आय सात, व्यय चार. घर बांधावें. गज आयास द्वार पूर्वेस किंवा दक्षिणेस ठेवावें असेंहि तोच ग्रंथ सांगतो, म्हणजे दाराचाहि निकाल ह्याच हिशेबांत लागला.

वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दोन पूर्णांकांचा गुणाकार विषम यावयाचा तर ते दोन्ही अंक विषम असले पाहिजेत. म्हणजे शुभ आयाचा सगळा खटाटोप शेवटीं एवढ्यावर येतो कीं घर दोन्ही अंगांनीं विषम हातांचें असावें. ज्या गवंड्यास भागाकार येत नाहीं त्यासहि हें बोटांवर मोजतां येईल. मग शास्त्रकारांनीं इतकें सरळ न सांगतां आठ आय कां योजिले? आमच्या मतें त्याचें कारण दारांच्या दिशा आणि व्ययाचा मेळ हें आहे, नुसतें शुभाशुभ नव्हे. अमक्या मापाचें घर आरोग्य देतें असें म्हणणाऱ्यांशीं आम्हांस वाद घालावयाचा नाहीं. मात्र ह्या गणिताचा एक ऐहिक परिणाम नाकारतां येणार नाहीं. कुदळ मारण्यापूर्वीं यजमानास आपल्या घराची लांबी-रुंदी पक्क्या अंकांत सांगावी लागे, आणि एकदां पिंड ठरल्यावर मध्येंच ‘आणखी एक खोली काढूं’ असें म्हणण्याची सोय त्याला राहत नसे. ज्यांनीं अलीकडे घर बांधलें आहे त्यांस ह्या अडवणुकीची किंमत कळेल.

भिंतीविषयीं वराहमिहिराचा नियम असा कीं पक्क्या विटांची भिंत रुंदीच्या सोळाव्या हिश्श्याइतकी जाड असावी, आणि घराची उंची त्या सोळाव्या हिश्श्यांत चार हात मिळवून होईल तेवढी. लांकडी भिंतींस जाडीचा नियम नाहीं असें त्यानेंच पुढें म्हटलें आहे. मराठी वाड्यांत भार उथळ्यांवरील खांब आणि तुळया यांवर असतो, भिंत ही मधली भर. तेव्हां ती ह्या नियमाच्या कक्षेबाहेर पडते. वाड्याचें खरें माप हात नव्हे, खण. दोन खांबांमधील अंतर तुळईच्या ताकदीनें ठरतें, ग्रंथानें नव्हे.

काळाविषयीं मत्स्यपुराणाची यादी प्रसिद्ध आहे. ज्येष्ठ, भाद्रपद, आश्विन हे महिने तींत अनिष्ट. वैशाख, कार्तिक, मार्गशीर्ष, फाल्गुन इष्ट. पावसाळ्यांत काम काढूं नये हाच तिचा हेतु, असें स्पष्टीकरण आम्हीं अनेकदां वाचलें आहे. तें टिकत नाहीं. कारण आषाढ आणि श्रावण हे ऐन पावसाचे महिने त्याच यादींत लाभदायक म्हणून दिले आहेत. माघाचें फळ मोठें लाभ, पण अग्नीचें भय. पहिल्या कुदळीच्या कोपऱ्याविषयीं मुहूर्तचिंतामणीचा नियम सूर्यराशीवर आहे. सूर्य सिंह, कन्या, तूळ यांत असतां आग्नेयेस. वृश्चिक, धनु, मकर यांत ईशान्येस. कुंभ, मीन, मेष यांत वायव्येस. आणि वृषभ, मिथुन, कर्क यांत नैर्ऋत्येस खणावें.

हे नियम शनिवारवाड्यास लावून पाहूं. त्याचा पाया शके १६५१ च्या माघ शुक्लपक्षांत, १० जानेवारी १७३० रोजीं घातला. ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची असून त्या पद्धतीनें वार शनिवार बरोबर येतो, नव्या पद्धतीनें येत नाहीं. गृहप्रवेश २२ जानेवारी १७३२ रोजीं, पुन्हां माघांत व पुन्हां शनिवारीं. लोकांत शनिवार अशुभ मानतात, परंतु मुहूर्तचिंतामणींत गृहारंभास वर्ज्य आहेत ते रविवार आणि मंगळवार, शनिवार नव्हे. पायाभरणीच्या दिवशीं सूर्य मकरेंत होता, म्हणून नियमाप्रमाणें पहिली कुदळ ईशान्येस पडावयास हवी. माघांतील अग्निभयाचें स्मरण होऊन २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगीकडे बोट दाखविणारेहि भेटतील. अठ्याण्णव वर्षांनंतर लागलेली आग माघाच्या माथीं मारावयाची तर मग पुण्यांतील कोणताहि महिना निर्दोष उरणार नाहीं. जागेच्या निवडीविषयीं सांगतात ती, सशानें कुत्र्याचा पाठलाग केल्याची गोष्टहि इतिहासांतून वगळावी. हीच गोष्ट विजयनगराच्या आणि अहमदाबादच्या स्थापनेविषयीं सांगितली जाते.

माघाचा आरंभ कारागिरांच्या दृष्टीनें मात्र सोयीचा होता. पावसाळ्यास चार-साडेचार महिने अवकाश. तेवढ्यांत खातें, पाया आणि जोतें उरकतें. ह्या वाड्याचें सागवान जुन्नरच्या जंगलांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीच्या पट्ट्यांतून आणला असें सांगतात, व मूळ कामास १६,११० रुपये खर्च झाला अशी नोंद आहे. चिंचवड जवळ, जेजुरी त्याहून दूर आणि जुन्नर सर्वांत दूर. ओलें सागवान घरांत घातलें तर आकसून सांधे सुटतात, म्हणून लांकूड आधीं तोडून वाळवावें लागे. चुनखडी भट्टींत भाजून, विझवून, बैलांच्या घाणींत मळावी लागे. हीं सारीं कामें मुहूर्ताच्या पुष्कळ आधींचीं. ज्याच्या दारीं मुहूर्ताच्या दिवशीं दगड आणि चुना तयार नसे त्याची कुदळ शुभ वेळेवर पडूनहि खड्डा पावसानें भरे.

आतां शेवटचा प्रश्न. पुण्याच्या पेठांतील वाडे बांधणाऱ्यांनीं आय खरोखर पाळला काय? ग्रंथांच्या पोथ्या घरोघर सांपडतात, एवढ्यावरून तो पाळला असें सिद्ध होत नाहीं. जोत्याचें माप हाच त्याचा पुरावा. आणि जुना वाडा पाडून नवी इमारत उभी करतांना पहिल्यानें उखडलें जातें तें जोतेंच. म्हणून आमची सदस्यांस विनंति अशी आहे कीं आपल्या आळींतील कोणताहि वाडा उतरविला जात असेल तर मालकाची परवानगी घेऊन त्याच्या जोत्याची बाहेरची लांबी-रुंदी, भिंतींच्या आंतील लांबी-रुंदी, आणि खणांची संख्या, अशीं तीनहि मापें इंचांत टिपून घ्यावीं. बाहेरचें माप धरावयाचें कीं आंतलें याविषयीं मतभेद असल्यानें दोन्ही हवीं. हात यजमानाचा असल्यामुळें तो अठराच इंच धरून चालणार नाहीं. सतरा ते वीस इंचांमधील असा एखादा हात शोधावा कीं ज्यानें दोन्ही बाजू पूर्ण अंकांत येतील. ३१ फूट ६ इंच व १६ फूट ६ इंच असें माप निघालें तर १८ इंची हातानें तें २१ आणि ११ होतें, हें वरच्या उदाहरणावरून ध्यानांत येईल. कोणतेहि दोन अंक सहज घेतले तरी चारांत एकदां दोन्ही विषम निघतातच. तेव्हां चाळीस वाड्यांत दहा जुळले तर त्यावरून कांहींच म्हणतां येणार नाहीं. पंचवीस-तीस जुळले तर म्हणतां येईल. तसेंच हात शोधतांना मनास येईल तो निवडून आय जुळवून घेण्याचा मोह टाळावा. एकाहून अधिक हात लागूं पडत असतील तर ते सर्व लिहावेत. मापाबरोबर पेठ, द्वाराची दिशा, आणि घराण्याकडे बांधणीचा कांहीं कागद असल्यास त्यावरील मिति कळवावी. खातें खणतांना खापऱ्या किंवा हाडें निघालीं तर तीं किती हातांवर निघालीं हेंहि लिहून ठेवावें.